बाबा, यंदा जोत धरू नका

परळ, मुंबई
पाडव्याचा आदला दिवस

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. फोनवर बाबा "बरां, बघूया" म्हणून फोन आईच्या हातात देतात, आणि आई, तू लगेच जेवणाचं विचारतेस. म्हणून लिहिते आहे. आई, चष्मा लावून बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

दादाने आणि मी मिळून ठरवलं आहे की यंदा मृगात बाबांनी जोत धरायचं नाही. पाडवा झाला की आपले बैल, मोऱ्या आणि चांद्या, भाऊकाकांच्या गोठ्यात जातील. खालचे दोन्ही भाताचे कुणगे यंदा भाऊकाका अर्धेलीने करतील. तुम्ही दोघांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात इकडे यायचं, आणि चतुर्थीला आपण सगळे मिळून घरी जायचं. दादाचं भाऊकाकांशी बोलणं झालं आहे, शब्द दिला गेला आहे. आता त्यात मागेपुढे होणार नाही.

बाबा, हे ऐकून तुम्ही उठून गोठ्याकडे जाल. जरा बसा. सगळं ऐका आणि मग जा.

बैल विकलेले नाहीत. कुणा दलालाला दाखवलेलेसुद्धा नाहीत. आपल्याच वाडीत, चार घरं पलीकडे असणार आहेत. गळ्यातल्या घंटा त्याच राहतील. मोऱ्याला पेंड भिजवूनच लागते, चांद्या डाव्या अंगालाच जुंपून घेतो, हे दादाने काकांना सांगितलं आहे, आणि तुम्ही ते पुन्हा सांगणार आहातच. संध्याकाळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला जा, हवं तर वैरण तुम्ही घाला. भाऊकाका पॉवर टिलरने नांगरतात खरं, पण मेरेच्या कडेला आणि कोपऱ्यांत टिलर वळत नाही, तिथे त्यांना बैल लागतातच. आपले बैल नुसते दावणीला बांधून राहणार नाहीत. हे मी तुमच्यासाठी मुद्दाम विचारून घेतलं. रिकामा बैल तुम्हाला बघवत नाही, ते मला माहीत आहे.

आता कारण. गेल्या लावणीतला ताप. आई, तू तेव्हा मला उशिरा कळवलंस त्याबद्दल मी काहीच म्हणत नाही, तू एकटी काय काय बघणार. पण बाबा अंगात ताप घेऊन नांगरामागे चालत होते. पोटऱ्या दुखतात म्हणून रात्री तेल चोळून घेत होते, आणि डोळे लाल झाले ते चुलीच्या धुराने असं धरून चालले होते. तो लेप्टो होता. कुणग्यात साचलेल्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत मिसळतं, आणि त्यातले जंतू पायाच्या भेगांतून, बारीक जखमांतून आत शिरतात. बाबांच्या टाचा कशा फुटलेल्या असतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आरोग्य सेविका पावसाळ्यात डॉक्सीच्या गोळ्या देऊन जाते ती त्यासाठीच. डॉक्टर म्हणाले, अजून थांबला असता तर मूत्रपिंडांवर गेलं असतं. बाबा, तुम्हाला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ते ऐकलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, आजोबांनी शेवटपर्यंत जोत धरलं. धरलं. पण तेव्हा लावणीला सगळी वाडी असायची. एका कुणग्यात आठ-दहा माणसं वाकलेली, कोणी पडलं तर उचलायला चार हात पुढे. आज वरच्या आळीतली निम्मी घरं कुलपात आहेत, मुलं गोव्यात, पुण्यात, इथे मुंबईत. मी त्यांतलीच एक. भर पावसात खालच्या कुणग्यातून बाबांनी हाक मारली तर ती कोणाला ऐकू जाणार, या विचाराने गेला श्रावण मी कसा काढला ते माझं मला माहीत. दादाने फोंड्याला या म्हटलं होतं, ते तुम्ही नको म्हणालात आणि तुमचं बरोबर होतं. त्याची एक खोली, त्यात पाळीची नोकरी. माझ्याकडे जागा आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. चार महिने म्हणजे काही फार नाही. आणि त्यातसुद्धा मध्ये चतुर्थी.

शिमग्याहून काकी परतली तिच्याबरोबरची पिशवी मिळाली. ओले काजू दुसऱ्याच दिवशी उसळीत संपले. कुळथाचं पीठ पुरवून वापरते आहे. आणि बाबा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती लाकडी बैलजोडी!

छकुलीने ती अंथरुणातसुद्धा घेतली होती. नांगर सुटा, इसाड सुटी, जू वेगळं, आणि जुवातल्या शिवळा खऱ्याखुऱ्या निघतात, हे तिला कळलं तेव्हापासून ती दिवसभर बैल सोडते आणि जुंपते. फरशीवर नांगर घसरतो म्हणून चटई नांगरते. रुमण्यावर हात कसा ठेवायचा ते मी तिला दाखवलं. मग मूठभर तांदूळ चटईवर फेकून झाला, त्याचा तरवा कधी उगवणार म्हणून विचारून झालं. गाडीची चाकं तुम्ही थोडी जाड केलीत ते बरं झालं, ती गाडीवर माझे डबे लादते.

तिच्या वाढदिवसाला कोणीतरी प्लॅस्टिकचं एक शेत दिलं होतं. लाल कौलांचं घर, मेंढ्या, एक डुक्कर, निळा ट्रॅक्टर. रंग छान आहेत, वाईट म्हणत नाही. पण त्या शेतात करायला काही नाही, सगळं चिकटवलेलं. आता ट्रॅक्टर घरात उभा असतो आणि मेंढ्या तुमच्या गाडीतून बाजाराला जातात. काल ती मला विचारत होती, आजोबांच्या शेतात म्हैस का नाही. तेव्हा पुढच्या खेपेला एक म्हैस करायची आहे, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

पांगाराच आहे ना तो? वजनावरून ओळखला. हातात घेतलं की आत काही नाहीच असं वाटावं इतकं हलकं लाकूड दुसरं कुठलं असतं? नख दाबलं तर वण उठतो. आपल्या कुंपणातले पांगारे आता लाल झाले असतील. एक पान नाही आणि टोकाटोकाला नुसती फुलं. सकाळी त्यांच्यावर साळुंक्या, बुलबुल आणि कावळे यांची जी भांडणं चालायची, त्यांनीच मला जाग यायची, गजराच्या घड्याळाने कधी आली नाही. तुमचं एक ठरलेलं असायचं, "फुलां आसताना पांगाऱ्याक कोयतो लावूचो नाय." पाखरं जेवताहेत म्हणायचात. मग चैत्रात पालवी फुटली की एक फांदी उतरवायची, तिचे सोट मेरेवर रोवायचे, आणि जाड तुकडा माळ्यावर सावलीत टाकायचा. तो वर्षभर तिथे पडलेला असायचा आणि मी रोज विचारायची, याचं काय होणार.

त्या दिवसांत शेताला तुमची गरज कमी असायची, म्हणून तुम्ही आमचे असायचात. कुळीथ झोडून झालेला, काजूच्या बिया खळ्यात वाळत पडलेल्या, आंब्यांवर मोहोर गळून बारीक कैऱ्या धरलेल्या. शिमग्याची पालखी येऊन गेलेली. भाजावळीचा धूर संध्याकाळी मळ्यावर उतरायचा आणि तुम्ही पडवीत पटाशी घेऊन बसायचात. त्या धुराचा वास मला अजून आवडतो, डॉक्टर काही म्हणोत.

आई, तुला तो सावंतवाडीचा दिवस आठवतो? परीक्षा झाल्यावर बाबांनी आम्हा दोघांना चितार आळीत नेलं होतं. दुकानांत लाखेच्या रंगाची फळं, पोळपाट-लाटणं, पांगुळगाडे, भातुकलीच्या टोपल्याच्या टोपल्या. एका दारात कातणीवर लाकूड फिरत होतं आणि कारागीर त्यावर लाखेची कांडी टेकवत होता. फिरत्या लाकडाच्या घर्षणानेच लाख वितळून रंग बसायचा, वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी. मी तिथून हलायला तयार नव्हते. मला भातुकली घेतलीत, पिवळी आणि लाल, उखळ-मुसळासकट. दादाने काही मागितलं नाही, कारण त्याच्यासाठी घरी बैल तयार होते.

आणि घरी आल्यावर मी भातुकली बाजूला सारून बैलांसाठी रडले. आजी म्हणाली, मुलीला बैल कशाला. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी माझ्या उशाशी बैलांची दुसरी जोडी होती, दादाच्या जोडीहून लहान, नाकात लाल दोऱ्याची वेसण. "चेडवाकय बैल होये," एवढंच म्हणालात.

बाबा, ती जोडी माझ्याकडे आहे. एका बैलाचं शिंग मोडलं आहे, वेसण कधीच तुटली. लग्नाच्या पेटीत साड्यांच्या खाली मी ती घालून आणली. आता छकुलीच्या गोठ्यात ते म्हातारे बैल आहेत, त्यांना ती कामाला लावत नाही. सावलीत उभे करते आणि मटाराची सालं घालते. मी तिला असं काही शिकवलेलं नाही. ती तुमचीच नात आहे, तेव्हा म्हाताऱ्या बैलाला विश्रांती देणं हे काही मुंबईचं खूळ नाही, एवढं तरी तुम्ही मान्य कराल.

इथली व्यवस्था सांगते, म्हणजे काळजी नको. पूर्वेची खोली तुमची. पलंगाचे पाय कापून उंची कमी करून घेतली आहे, आईला उतरताना पाय टेकतील. कमोड आहे, त्याच्या बाजूला भिंतीत धरायला दांडा बसवून घेतला. न्हाणीघरातल्या फरशीवर घसरणार नाही अशी जाळीची चटई. गरम पाणी नळाला येतं, पण बाबांना तांब्याने अंघोळ लागते म्हणून मोठी बादली आणि तांब्या वेगळा काढून ठेवला. पंखा पलंगाच्या थेट वर नाही. आई, तुला मिक्सरातलं वाटप चालत नाही ते मी ओळखून आहे, छोटा पाटा-वरवंटा आणला आहे, तो ओट्यावर बसतो, खाली वाकायला नको. शेजारच्या काकू वेंगुर्ल्याच्या आहेत. आल्याबरोबर मालवणीच सुरू करतात, त्यामुळे दुपार कशी जाईल याची मला चिंता नाही. माशांचं मात्र आधीच सांगते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, इथेही ताजं फारसं मिळणार नाही. येताना सुके बांगडे आणि सुंगटं बांधून आणा. वास येतो म्हणून संकोच करू नका, इमारतीत अर्धे लोक आपल्याकडचेच आहेत. श्रावणात वरच्या मजल्यावर भजन असतं. बुवा कणकवलीकडचे आहेत. बाबांच्या तोडीचा मृदंग वाजवणारा त्यांच्याकडे कोणी नाही, हे मी ऐकून सांगते आहे.

आणि बाबा, हात रिकामे ठेवायला मी तुम्हाला बोलावत नाही. आमच्या इमारतीच्या कुंपणाशी पांगारा आहे. यंदाही फुलला, खाली टॅक्सींच्या टपांवर लाल सडा असतो. गेल्या मे महिन्यात पावसाआधीच्या छाटणीला पालिकेची माणसं आली, तेव्हा त्याची एक जाड फांदी खाली आली. तिचे ओंडके मी मागून घेतले. तडा जाऊ नये म्हणून टोकांना मेण लावलं आणि जिन्याखाली सावलीत उभे ठेवले. साल सुटली आहे, ठोकलं की कोरडा आवाज येतो. बाल्कनीत पाट टाकला आहे, खाली गोणपाट. भुसा उडाला तर उडू दे, कोणी काही म्हणणार नाही. आपल्या मजल्यावर अजून तीन लहान मुलं आहेत आणि तिघांनाही गाडी हवी आहे.

राणीची बाग इथून जवळ आहे, उघडीप मिळाली की बाबांना फिरायला नेईन. जुनी, मोठी झाडं आहेत तिथे. बागेच्या तोंडाशीच भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 चं. भाऊ दाजी म्हणजे गोव्यातल्या मांद्र्याचे, आपल्यापासून खाडी ओलांडली की त्यांचं गाव. त्या संग्रहालयात काचेच्या कपाटांत वेगवेगळे धंदे करणाऱ्या माणसांच्या बारीक बारीक मूर्ती आहेत. छकुलीला मी मागे नेलं होतं. तिने काचेला नाक लावून सगळं पाहिलं आणि विचारलं, यांच्याशी खेळायचं नाही का. बाबा, ती माणसं घडवणाऱ्याचा हात बघायला तुम्हाला आवडेल.

आता माझं ऐका. हे सगळं जूनपर्यंत पाळायचं आहे.

काजूच्या बागेत बाबांनी उघड्या अंगाने जायचं नाही. आपल्या बाजूला गोचिडींतून येणाऱ्या माकडतापाचे हेच दिवस असतात, मे संपेपर्यंत. 2016 मध्ये दोडामार्गात काय झालं आणि मग तो ताप बांद्याकडे कसा सरकला, हे तुम्हाला मी सांगायला नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात मोजे, आरोग्य केंद्रातून मिळतं ते तेल हातापायांना. पालापाचोळ्यात बसून विडी ओढायची नाही. परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि आईने पाठ, मान, काखा बघायच्या, गोचीड तीळभर असते. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या बघू, असं म्हणायचं नाही.

आई, रातांबे तू एकटीने फोडायला बसू नकोस. भाऊकाकींना हाक मार, अर्धी आमसुलं त्यांना दे. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत उचलायची, यात तुझी कंबर जाते आणि मग तू दोन दिवस गप्प असतेस. मेच्या वीस तारखेपर्यंत जेवढं होईल तेवढं. राहिलं तर राहिलं. कोंबड्या काकी सांभाळणार आहेत. तुळशीपुढे रोज दिवा त्याच लावतील, आणि दर रविवारी दादा फोंड्याहून येऊन घर उघडेल, केर काढेल, कौलं बघेल. घर बंद पडणार नाही. या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेव.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सकाळची न्याहारी झाली की. पेज झाल्यावर, आधी नाही.

आणि बाबा, पडवीतला तो हिरव्या ऑइलपेंटचा डबा खेळण्यांना वापरू नका. रंगात शिसं किती चालेल याचा नियम 2017 पासून कडक झाला आहे, 90 पीपीएमच्या वर नाही. तो डबा त्याच्या कितीतरी आधीचा आहे, दादाच्या मुंजीत दरवाजे रंगवले तेव्हाचा. छकुली अजून बैलांची शिंगं तोंडात घालते. पांगारा पांढराच राहू दे, घासून गुळगुळीत करा आणि खोबरेल चोळा.

तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट मी काढते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच दोन्ही खालचे बर्थ धरते. पावसाळी वेळापत्रक लागायच्या आत निघायचं, ते लागलं की गाड्या हळू धावतात. स्टेशनवर दादा सोडायला येईल, दादरला आम्ही असू. चतुर्थीचंही मीच बघते. बाबांनी मूर्तीचा पाट नेहमीप्रमाणे आधीच देऊन ठेवावा, म्हणजे गणपती आपल्या घरीच येणार याबद्दल कोणाच्या मनात शंका राहायला नको.

हे कायमचं आहे असं मी म्हणत नाही. दसऱ्यानंतर तुम्ही घरी गेलात तर भात कापायला मी येईन, रजा शिल्लक ठेवली आहे. पुढच्या वर्षीचं तेव्हा बोलू. बैल परत आणायचे की नाही, तेही तेव्हाच. यंदा मात्र नाही. बाबा, मला रागवा. फोनवर ओरडलात तरी चालेल. गप्प मात्र बसू नका, तुम्ही गप्प बसलात की मला रात्रभर झोप लागत नाही.

मोऱ्या-चांद्याला भाऊकाकांकडे नेताना दावं तुम्हीच धरा. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका. आणि आई, त्यांच्या कपाळाला कुंकू लाव.

उद्या गुढी उभारली की आमच्या सगळ्यांचा नमस्कार. छकुली म्हणते, तिच्या बैलांचाही.

तुमची,
चेडू

ता. क. येताना पटाशी, वाकस आणि कानस घेऊन या, इथल्या पटाशीला धार नाही. गोणपाटात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवा, खांद्यावरच्या पिशवीत नको. गर्दीत कोणाला लागेल.